पात्यातले पाणी, मुठीवरचे सोने

खंडेनवमीच्या सकाळी लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या बाजूच्या खेड्यांत घराघरांतली लोखंडी वस्तू बाहेर निघते. विळा, कुऱ्हाड, कोयता, वखराची पास, सुताराची पटाशी, गवंड्याची थापी, सगळे धुऊन पाटावर मांडले जाते. हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल पडते. एखाद्या जुन्या वाड्यात याच रांगेत एक तलवार असते. वर्षातून एकदाच तिचा गुंडाळलेला कपडा सुटतो. मुलांचे डोळे मुठीवरच्या चमकेकडे जातात. मात्र जुन्या काळचा जाणकार मूठ नंतर पाहायचा. तो आधी पाते उन्हात तिरके धरायचा आणि विचारायचा, पाणी कसे आहे?

मराठीत धारेच्या हत्याराला पाणी असते. लोहार पाते लाल करून पाण्यात बुडवतो, त्याला आपण पाणी देणे म्हणतो. माणूसही पाणीदार असतो. पण जुन्या तलवारीच्या बाबतीत हा शब्द नुसता अलंकार नाही. उत्तम पोलादाच्या पात्यावर खरोखरच पाण्यासारख्या लाटा दिसतात. वाहत्या ओढ्यात वाळूवर उमटावे तसे बारीक, नागमोडी, करडे-काळे वळ. फारसीत आणि मराठीतही त्याला जौहर म्हणत. ही नक्षी कुणी कोरलेली नसते, रंगवलेलीही नसते. ती पोलादाच्या पोटातून वर आलेली असते.

आपल्याकडच्या ऐतिहासिक तलवारींची कारागिरी समजून घ्यायची तर या पाण्यापासून सुरुवात केली पाहिजे. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. नकाशावर चाकूर मध्यभागी धरा. पूर्वेला निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव आहे, तिथे पोलाद बनत होते. आग्नेयेला बिदर, तिथे काळ्या धातूत चांदी बसवणारे हात होते आणि आजही आहेत. उत्तरेला नांदेड, तिथे शस्त्रांना गुरूच्या वारशाचा मान आहे. आणि अगदी शेजारी उदगीर, जिथल्या मोहिमेत १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला शरण आणले. दोनशे किलोमीटरच्या आत तलवारीचा सगळा संसार मांडलेला आहे. पोलाद, नक्षी, रणांगण आणि पूजा.

मुशीतले पोलाद

साधे लोखंड मऊ असते, वाकते. बीड म्हणजे ओतीव लोखंड कठीण असते, पण हातोड्याने फुटते. तलवारीला दोन्हीच्या मधले काही हवे. हा मध्य कार्बनच्या प्रमाणावर ठरतो. दख्खनच्या कारागिरांनी बंद मुशीत लोखंड वितळवून ज्या पोलादाच्या वड्या तयार केल्या, त्यांत कार्बन साधारण दीड टक्का असे. आजच्या साध्या बांधकामाच्या सळईपेक्षा हे कितीतरी पट अधिक. कन्नड-तेलुगूतला ‘उक्कू’ हा शब्द इंग्रजांच्या तोंडी वूट्झ झाला आणि त्याच नावाने हे पोलाद जगभर ओळखले गेले.

कोनासमुद्रमची भट्टी प्रत्यक्ष पाहून तिचे वर्णन लिहिणारा माणूस म्हणजे हेन्री व्हॉयसी. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हिंडणारा हा वैद्य आणि भूशास्त्रज्ञ १८२४ मध्ये वारला. त्याचे टिपण १८३२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. त्यावरून कळते की इथले कारागीर एकाच लोखंडावर विसंबत नसत. वेगवेगळ्या ठिकाणी गाळलेले दोन प्रकारचे लोखंड ठरलेल्या प्रमाणात मुशीत एकत्र घालत. मुशीचे तोंड मातीने लिंपत, अहोरात्र भाता चालवत आणि मग मूस सावकाश थंड होऊ देत. हे सावकाश थंड होणेच सगळ्यात मोलाचे. घाई केली तर वडी हाती येते, पण तिच्या पोटात लाटा तयार होत नाहीत. इराणचे व्यापारी हे पोलाद घेण्यासाठी इतक्या दूर येत, गावात मुक्काम करत आणि समोर उभे राहून माल पारखून घेत.

या वड्यांनी युरोपातल्या विद्वानांनाही कोड्यात टाकले. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास लंडनला नमुने पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पियर्सन यांनी त्यांवर शोधनिबंध वाचला. पुढे विजेच्या संशोधनामुळे नावारूपाला आलेले मायकेल फॅरडे तरुणपणी, १८१९ नंतरची काही वर्षे, सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या जेम्स स्टोडार्ट यांच्यासह याच पोलादाच्या मागे लागले होते. फॅरडे लोहाराचे पुत्र होते. बापाच्या ऐरणीची ओळख असलेल्या मुलाला दख्खनच्या लोहाराचे गुपित उलगडावेसे वाटले, याचे नवल वाटू नये. गुपिताचा मोठा भाग मात्र १९९० च्या दशकात अमेरिकेत जॉन व्हरहोवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार यांनी मिळून उलगडला. खनिजात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अंश असावा लागतो, तोही दहा हजारांत एका भागाहून कमी. तेवढ्याने पोलादातले कार्बाइडचे कण ओळीने जमतात आणि त्या ओळी लाटा होऊन दिसतात. म्हणजे कारागिराच्या हाताइतकेच खाणीतल्या दगडालाही श्रेय आहे. अमुकच ठिकाणचा दगड पाहिजे, हा जुन्या लोकांचा हट्ट अंधश्रद्धेचा नव्हता.

ऐरणीवरची सबुरी

मुशीतून निघालेली वडी तळहाताएवढी. तिचे हातभर लांबीचे पाते करायचे म्हणजे घाव घालत घालत ताणत न्यायचे. इथे लोहाराची परीक्षा होते. हे पोलाद पांढरे होईपर्यंत तापवले तर घणाखाली त्याचा भुगा होतो आणि पोटातल्या ओळीही विरून जातात. ते लालभडकच ठेवावे लागते, आणि लाल पोलाद घणाला दाद देत नाही. म्हणून थोडे ठोकायचे, पुन्हा तापवायचे, पुन्हा थोडे ठोकायचे. युरोपातल्या अनेक लोहारांच्या हाती या वड्या फुटल्या. ते आपल्या सवयीप्रमाणे जास्त आच देत होते.

काही कारागीर या लाटांनाही वळण लावत. जवळजवळ तयार झालेल्या पात्यावर ते ठरावीक अंतरावर आडव्या खाचा पाडत आणि पुन्हा ठोकून सपाट करत. खाच होती तिथले थर वर-खाली सरकलेले असत. घासून साफ केल्यावर पात्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखे पट्टे उमटत. इराणात याला ‘किर्क नर्दबान’, म्हणजे चाळीस पायऱ्यांची शिडी म्हणत.

शेवटी पाते घासून आरशासारखे करायचे आणि हिराकशीसारख्या खार-आम्ल द्रवाचा हलका हात फिरवायचा. कार्बाइडच्या ओळी उजळ राहतात, मधला भाग काळवंडतो आणि पाणी वर येते. हे घासण्याचे, उजळण्याचे काम शिकलगाराचे. सैकल म्हणजे झिलई, या अरबी शब्दावरून हे नाव आले. लोहाराने जे पोटात घातले ते डोळ्यांना दाखवणारा माणूस म्हणजे शिकलगार. त्याचा हात जड पडला तर चांगले पातेही मुके राहते.

मूठ: लाखेने जोडलेला संसार

आता मुठीकडे येऊ. आपली नेहमीची तलवार हातात घेतली की पहिली गोष्ट जाणवते ती मुठीच्या टोकाची गोल वाटी. ती मनगटाला टेकते. युरोपीय तलवारबाजासारखे मनगट मोकळे फिरवू पाहिले तर ही वाटी बोचते. ती सांगते, खांद्यापासून वार कर, ओढून कापत ने. पात्याचा बाक आणि मुठीची वाटी एकाच विचारातून आलेली आहेत. बोटांवरून वळत जाणारी परज बोटे वाचवते. ‘तलवार परजणे’ हा शब्दप्रयोग तर शस्त्र हातात नसलेल्या राजकारण्यांसाठीही आपण रोज वापरतो.

मूठ आणि पाते कशाने जोडलेले असते? बहुतेक वेळा लाखेने. मूठ आतून पोकळ असते. तीत गरम लाखेचे मिश्रण ओतून पात्याचे आखूड शेपूट रोवायचे, थंड झाले की दगडासारखे घट्ट बसते. पुन्हा गरम केली की लाख मऊ होते आणि पाते निघते. या साध्या युक्तीमुळे मूठ एका पिढीची, पाते दुसऱ्या पिढीचे, असे सर्रास होई. पाते तुटले तर आजोबांची मूठ राही. नव्या मालकाला आवडेल तशी नवी मूठ जुन्या पात्याला मिळे. म्हणून जुन्या तलवारीला ‘तू कुठली?’ असे विचारले तर तिला दोन उत्तरे द्यावी लागतात.

मराठ्यांची फिरंग हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. नावातच फिरंगी. सरळ, लांब, हलके युरोपीय पाते समुद्रमार्गे येई. इटली, स्पेन आणि जर्मनीतले झोलिंगेन ही त्याची माहेरघरे. इथला कारागीर त्याला देशी मूठ चढवी. घोड्यावरून लांब पल्ल्याचा वार करायला हे पाते सोयीचे पडे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखली जाणारी, ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातली ‘जगदंबा’ तलवार १८७५-७६ च्या भारतभेटीत कोल्हापूरकडून तेव्हाच्या युवराजाला भेट गेली. तिचेही पाते युरोपीय आहे, त्यावर आय.एच.एस. ही ख्रिस्ती अक्षरे ठोकलेली आहेत, आणि पोलादी मुठीवर सोन्याची फुले, हिरे, माणके जडवलेली आहेत.

अलीकडे मराठी माणसाला अशीच एक तलवार जवळून पाहायला मिळाली. नागपूरकर भोसल्यांचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती लंडनच्या लिलावात निघाली, महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपीय, सरळ, एकधारी. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचे काम. आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव, सेनासाहेबसुभा हा किताब आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द. परक्या पोलादाला मराठी ओळख कशी दिली जाई, ते या एका ओळीत वाचता येते.

सोने कुठे बसते

या अक्षरांची जागा नीट पाहा. ती धारेवर नाहीत, पात्याच्या मध्यावरही नाहीत. पाठीवर आहेत. तलवारीवरच्या अलंकाराला आपला एक शिस्तीचा नियम आहे. धार पुन्हा पुन्हा लावायची असते, दर वेळी थोडे पोलाद जाते, तिथे सोने टिकणार नाही. पात्याच्या अंगावर जौहर असेल तर तोच तिचा दागिना, त्याला झाकणे म्हणजे देखण्या चेहऱ्यावर रंग थापणे. म्हणून सोने मुठीवर, मुठीलगतच्या चार बोटांवर, पाठीवर आणि म्यानाच्या दोन्ही टोकांना, तोंडाशी मोहनाळीवर आणि तळाशी तैनाळीवर येते. झीज जिथे कमी, तिथे नक्षी.

सोने बसवण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे कोफ्तगिरी. कोफ्तन म्हणजे फारसीत कुटणे. आपल्या ताटातला कोफ्ताही त्याच धातूपासून आलेला. कारागीर आधी लोखंडी मूठ साफ करून तिच्यावर बारीक छिन्नीने आडव्या, उभ्या, तिरप्या रेघांची इतकी दाट जाळी मारतो की पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत होतो. मग केसासारखी सोन्याची तार वेलबुट्टीच्या आकारात ठेवत हलक्या हातोडीने ठोकत जातो. सोने मऊ, ते त्या रेघांत शिरून धरून बसते. नंतर मूठ तापवायची आणि अकिकाच्या दगडाने घोटायची. जिथे सोने नाही तिथले लोखंड निळे-काळे होते आणि त्यावर वेल उठून दिसते.

दुसरी रीत तहनिशान. इथे खरोखर खोल खाच कोरतात, तळाशी ती थोडी रुंद ठेवतात आणि तीत जाड तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. वेळ अधिक, सोने अधिक, टिकाऊपणाही अधिक. कोफ्तगिरीचे सोने शंभर वर्षांच्या हाताळणीत विरते, तहनिशानचे राहते. तिसरी रीत कुंदन. रत्नाभोवती शुद्ध सोन्याचे पातळ पदर दाबत जायचे. शुद्ध सोने थंड असतानाही दाबाने एकजीव होते, म्हणून रत्नाला आच लागत नाही. गोवळकोंड्याचे हिरे आणि माणके खंजिरांच्या मुठींवर बसली ती अशी.

या कोंदणकामाचे बिदरशी जवळचे नाते आहे. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे या भागाला बिदर परके कधीच नव्हते. बिदरी काम जस्ताच्या मिश्रधातूवर होते. जस्त फार, तांबे थोडे. त्यावर नक्षी कोरून चांदीची तार किंवा पत्रा बसवतात आणि शेवटी किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून वस्तू त्यात बुडवतात. धातू कायमचा काळा होतो, चांदी लखलखीत राहते. बिदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालात हाच विचार दगडात उतरला आहे. काळ्या पाषाणात शिंपल्याचे तुकडे बसवून वेली काढल्या आहेत. बिदरी कामाच्या मुठी क्वचित आढळतात, पण जस्ताचा हा धातू ठिसूळ. घाव झेलणाऱ्या मुठीला लोखंडच हवे. तरी कामाची ओळख तीच आहे. काळ्यात उजळ बसवणे, आणि बसवताना जमिनीला इतके पक्के धरणे की बोट फिरवले तर जोड लागू नये.

कमरेची हत्यारे

तलवार रणांगणावर, पण खंजीर दरबारातही कमरेला असे. म्हणून त्याच्यावर नक्षीचा हात अधिक मोकळा सुटला. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या कारागिरांनी सोळाव्या शतकात घडवलेल्या काही खंजिरांच्या मुठी म्हणजे छोटी शिल्पेच आहेत. तांब्यात ओतलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या, माणके जडवलेल्या. सिंह, हत्ती, पक्षी, व्यालासारखे काल्पनिक पशू एकमेकांत गुंतलेले, एकाच्या जबड्यातून दुसरा निघालेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असा एक आहे, दुसरा कोपनहेगनच्या डेव्हिड संग्रहात. पहिल्या अली आदिलशहाच्या एका चित्रात त्याच्या कमरेला असाच खंजीर दिसतो. या प्राण्यांकडे मराठवाड्यातला वाचक बघेल तेव्हा त्याला ते ओळखीचे वाटतील. आपल्या चालुक्यकालीन देवळांच्या खांबांवर आणि किल्ल्यांच्या दरवाजांवर हेच व्याल, हेच हत्ती-सिंह आहेत. सुलतानाच्या कमरेला देवळाच्या खांबावरचे व्याल आले, कारण कारागिराच्या हाताला तेच ठाऊक होते.

कट्यारीची गोष्ट वेगळी. तिची मूठ दोन उभ्या पट्ट्या आणि मध्ये आडवे गज अशी. मुठीत धरून ठोसा मारल्यासारखी ती चालते, त्यामुळे मनगटाची आणि खांद्याची सारी ताकद टोकात उतरते. अनेक कट्यारींचे टोक मुद्दाम जाड केलेले असते, चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. त्या जाड टोकावर नक्षी नसते, ती असते पात्याच्या बुडाशी आणि बाजूच्या पट्ट्यांवर. बिचव्याचा दुहेरी बाक विंचवाच्या नांगीसारखा. दांडपट्ट्यात तर मूठ आणि हातमोजा एकच होतात. कोपरापर्यंतची लोखंडी खोळ, आत आडवा गज. त्या खोळीचा पसरट भाग मिळाला की कारागीर त्यावर वाघ, मोर, वेली घडवतो. उपयोगाने जागा मोकळी सोडली की तिथे कला येते. सगळ्या हत्यारांत हे एकच सूत्र.

नांदेडचे तेज

गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इथेच ज्योतीत विलीन झाले. तख्त सचखंड श्री हजूर साहिबची आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ मध्ये उभी राहिली. आतल्या गाभाऱ्यात तलवारी, खंजीर, धनुष्य-बाण, रत्नजडित पोलादी ढाल अशी शस्त्रे जपली आहेत. दिवाळीच्या आधी तख्तस्नानाच्या दिवशी भाविक गोदावरीचे पाणी घागरींतून आणतात, तख्त धुतले जाते, शस्त्रे उजळली जातात. गुरूंच्या शस्त्रांची निगा राखणाऱ्या शिकलगारांच्या परंपरेतला समाज नांदेडला आजही आहे. पुण्या-मुंबईच्या संग्रहालयात काचेआड निश्चल पडलेली तलवार आणि दर वर्षी हाताचा स्पर्श होणारी तलवार, यांत फरक असतो. दुसरीमुळे निदान एक कौशल्य जिवंत राहते.

नांदेडच्याच लोहा तालुक्यात माळेगावचा खंडोबा. त्याच्या यात्रेला चाकूर-अहमदपूरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जातात. देवाच्या नावातच खांडा आहे. रुंद, सरळ, दुधारी. जेव्हा देवालाच हत्याराचे नाव मिळते तेव्हा त्या हत्याराच्या घडणीकडे समाजाने किती आदराने पाहिले असेल, ते वेगळे सांगावे लागत नाही.

जपायचे कसे

एकोणिसाव्या शतकात स्वस्त विलायती पोलाद आले, फौजा मोडल्या, भट्ट्या विझल्या. मूस लिंपणारा, पाते ताणणारा, शिकल करणारा, तार बसवणारा, अशी जी साखळी होती तिची एकेक कडी निसटली. मुठीवर बहुतेक वेळा मालकाचे नाव सापडते, करणाऱ्याचे नाही. त्याच्या कामाची एकच सही आपल्याकडे उरली आहे, पोलादातली ती लाट आणि मुठीवरची वेल. आणि तीच आपण दर खंडेनवमीला भक्तीने घासून पुसतो.

म्हणून घरात जुने हत्यार असेल तर काही गोष्टी पाळाव्यात. चिंच, लिंबू, विटेची भुकटी, पॉलिश पेपर यांपैकी काहीही पात्याला लावू नये. एकदा घासलेले पाणी परत येत नाही, आणि कोफ्तगिरीचे सोने तर रेघांच्या टोकांवरच बसलेले असते, दोन-चार जोरकस हातांत ते जाते. ओल्या कुंकवाने पोलादावर गंज धरतो. हळदकुंकवाचे बोट म्यानाला किंवा खालच्या पाटाला लावावे, देवाला ते पोचते. पूजा झाली की कोरड्या सुती कापडाने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. म्यानात कायम ठेवू नये, लाकूड आणि चामडे ओल धरून ठेवतात. मूठ हलत असेल तर खिळा किंवा वेल्डिंग अजिबात नको, आतली लाख सुटली आहे एवढेच.

आणि कपड्यात गुंडाळण्याआधी पाते एकदा उन्हात नेऊन तिरके धरावे. सावकाश फिरवावे. गंजाच्या डागांमधून कुठेतरी बोटभर जागेत करड्या लाटा हलताना दिसल्या, तर मुलांना जवळ बोलवावे आणि दाखवावे, हे बघा, पाणी.